दीर्घकाळ दुखणे असलेल्या स्त्रियांची शारीरिक क्षमता मोजायची कशी?

गोदाकाठ:

दीर्घकाळ दुखणे असलेल्या स्त्रीला व्यायामाचा सल्ला सगळेच देतात. डॉक्टर देतात, नणंद देते, शेजारीणही देते. सल्ला चुकीचा नाही. फायब्रोमायल्जिया म्हणजे सर्वांग दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार; त्याच्या उपचारांविषयी युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने २०१७ मध्ये सुधारित शिफारशी प्रसिद्ध केल्या, तेव्हा ‘ठाम’ हा दर्जा त्यांतील एकाच उपचाराला मिळाला आणि तो उपचार व्यायाम होता. औषधांच्या वाट्याला त्याहून दुबळा दर्जा आला. पण व्यायाम कोठून सुरू करायचा हे ठरवण्यासाठी त्या स्त्रीची आजची क्षमता आधी कळायला हवी, आणि ती मोजण्याच्या बाबतीत आमच्या व्यवसायात बरीच ढिलाई आहे, असे मी फिजिओथेरपिस्ट असूनही म्हणते. बहुतेक ठिकाणी ‘किती दुखते, शून्य ते दहामध्ये सांगा’ एवढ्या एका प्रश्नावर काम भागवले जाते. दुखण्याची तीव्रता आणि शरीराची क्षमता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा अंदाज पहिलीवरून बांधता येत नाही.

चर्चा भरकटू नये म्हणून फायब्रोमायल्जिया हाच आजार समोर ठेवते. यात अंगाच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खाली महिनोन्महिने दुखत राहते, रात्रभर झोपूनही शीण जात नाही, सकाळी अंग आखडलेले असते, आणि रक्ततपासणीत किंवा क्ष-किरण चित्रात या दुखण्याचे कारण दिसत नाही. निदान होणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. १९९० च्या अमेरिकन निकषांनुसार अंगावरचे १८ ठरावीक बिंदू दाबून पाहत, आणि त्यांपैकी किमान ११ दुखले पाहिजेत अशी अट होती. २०१० पासून बिंदू दाबण्याची अट गेली आणि शरीराच्या १९ भागांपैकी किती भाग दुखतात, थकवा किती आहे, झोपेने ताजेतवाने वाटते का, लक्ष लागते का, यांवरून गुण दिले जाऊ लागले. ही स्त्री किती अंतर चालू शकते, खुर्चीतून किती वेळा उठू शकते, हा प्रश्न जुन्या निकषांत नव्हता आणि नव्यांतही नाही. तो निदानाचा भाग नसला, तरी उपचाराचा निश्चित आहे.

या प्रश्नावर सर्वांत चिकाटीने काम झाले ते स्पेनमध्ये. ग्रॅनडा विद्यापीठातील व्यायामशास्त्राच्या अभ्यासकांनी ‘अल-आंदालुस’ नावाचा प्रकल्प हाती घेऊन आंदालुसियाच्या आठही प्रांतांतील फायब्रोमायल्जिया असलेल्या स्त्रियांची शारीरिक क्षमता मोजली. त्यासाठी त्यांनी मुख्यतः जो चाचणीसंच वापरला, तो मुळात साठीच्या पुढच्या लोकांसाठी होता. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील विद्यापीठात रॉबर्टा रिकली आणि जेसी जोन्स यांनी तो तयार केला. त्यात तीस सेकंदांत हात छातीवर बांधून खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येते, स्त्रियांसाठी सव्वादोन किलोंच्या आसपासचे डंबेल तीस सेकंदांत किती वेळा उचलता येते, खुर्चीवर बसून पुढे केलेल्या पायाच्या बोटांपर्यंत हात पोहोचतो का, एक हात खांद्यावरून व दुसरा कमरेकडून पाठीमागे नेला असता दोन्ही हातांच्या मधल्या बोटांत किती अंतर राहते, खुर्चीतून उठून सुमारे अडीच मीटरवरच्या खुणेला वळसा घालून परत बसायला किती वेळ लागतो, आणि सहा मिनिटांत किती अंतर कापले जाते, या गोष्टी पाहतात. ग्रॅनडाच्या गटाने त्यात मुठीची ताकद मोजण्याची भर घातली.

चाळिशीतल्या स्त्रीला साठीची चाचणी कशाला, असे कोणाला वाटेल. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात फायब्रोमायल्जिया असलेल्या, सरासरीने चाळिशीतल्या स्त्रियांची तुलना सत्तरीच्या आसपासच्या निरोगी स्त्रियांशी केली होती, आणि दैनंदिन कामांच्या चाचण्यांत दोन्ही गटांची कामगिरी साधारण सारखीच आढळली. त्यामुळे ही निवड योग्यच म्हणावी लागते. ट्रेडमिलवर दमछाक होईपर्यंत पळवून प्राणवायूच्या वापराची कमाल मोजण्याची पद्धत कागदावर अधिक अचूक असली, तरी यांतल्या बऱ्याच स्त्रिया हृदय-फुफ्फुसांची कमाल येण्याच्या आधीच दुखण्यामुळे थांबतात. मग हाती येणारा आकडा हृदयाचा असतो की पायांतल्या ठणक्याचा, हे कसे ठरवणार?

माझ्या मते खरी मेख येथेच आहे. अशा स्त्रीच्या कोणत्याही चाचणीच्या आकड्यात तिची स्नायूंची व हृदयाची क्षमता, त्या दिवशीचे दुखणे आणि हालचाल केल्यास दुखणे वाढेल ही धास्ती, या तिन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय आकड्याचा अर्थ लावू नये. हे प्रत्यक्षात कसे साधावे, याविषयी जाणकारांनी आणि विशेषतः हे दुखणे सोसणाऱ्या मैत्रिणींनी लिहावे.

रानजाई:

हे दुखणे मला बरीच वर्षे आहे, म्हणून रुग्णाच्या बाजूने लिहिते. माझी अशी चाचणी एकदा झाली. ती सकाळी नऊ वाजता ठेवली होती. त्या वेळी माझी बोटे इतकी आखडलेली असतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. मुठीची ताकद मोजली गेली आणि कागदावर ‘कमी’ असा शेरा पडला. तीच मूठ दुपारी बाराच्या सुमारास कणीक मळू शकते, पण ते विचारायचे कोणाला सुचले नाही.

दुसरी गोष्ट अशी की चाचणीच्या दिवशी मी सगळे नीट केले. सहा मिनिटे चालले, उठले, बसले. तपासणाऱ्या मुलीने कौतुकही केले. त्यानंतरचे दोन दिवस मी अंथरुणावर होते, आणि याची नोंद कोणत्याही कागदावर नाही. त्या कागदानुसार मी बऱ्यापैकी सक्षम स्त्री आहे, आणि घरच्यांनीही तो कागद तसाच वाचला. गोदाकाठताई, तुम्ही तीन गोष्टी सांगितल्यात, त्यांत ही चौथी धरायला हवी असे मला वाटते: केलेल्या श्रमाची किंमत नंतर किती मोजावी लागते.

आणखी एक शंका आहे. आम्हा बायकांची बरीचशी कामे जमिनीवर बसून होतात. भाजी निवडणे, देवपूजा, लहान मुलांचे सगळे. खुर्चीतून उठण्याच्या चाचणीत माझे बरे आकडे आले, पण पाटावरून उठताना मला आजही कशाचा तरी आधार लागतो. ही अडचण त्या चाचणीत दिसते का?

गोदाकाठ:

रानजाई, तुमचा चौथा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि त्याला शास्त्रीय आधारही आहे. निरोगी माणसाने व्यायाम केला की काही काळ त्याची दुखण्याची संवेदना थोडी बोथट होते. फायब्रोमायल्जिया असलेल्या अनेक स्त्रियांत हा परिणाम दिसत नाही, आणि स्नायू आवळून धरण्याच्या प्रकारांत तर काहींची संवेदना उलट अधिक तीव्र झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे. त्यामुळे चाचणी संपताना ‘किती दुखते’ विचारून कागद मिटवणे पुरेसे नाही. मी स्वतः चाचणीपूर्वी, चाचणी संपताच, त्याच रात्री आणि पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दुखणे व थकवा यांचे आकडे लिहून आणायला सांगते. फोनवर निरोप पाठवला तरी चालतो. जिने ४५० मीटर अंतर कापले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीची कामे केली, आणि जिने तेवढेच अंतर कापून पुढचे दोन दिवस अंथरूण धरले, त्या दोघींना एकच व्यायाम देणे हा सरळ अन्याय आहे.

वेळेबाबत सांगायचे तर सकाळचा आखडलेपणा ओसरल्यावर, म्हणजे साधारण साडेदहा-अकरानंतर चाचणी घ्यावी, आणि पुढची चाचणी त्याच वेळेला घ्यावी. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मोजून दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. चाचण्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. लवचिकतेच्या चाचण्या आधी, मग मुठीची ताकद, मग खुर्ची, आणि सहा मिनिटांचे चालणे सर्वांत शेवटी. आणि शक्य असेल तर हे सगळे एका दिवसात न उरकता दोन भेटींत विभागावे. मुंबईत दोन लोकल बदलून, पुलाचे जिने चढून-उतरून आलेल्या बाईला दारातूनच चाचणीला उभे करणारे महाभाग मी पाहिले आहेत. निदान पंधरा मिनिटे तिला बसू द्यावे, पाणी द्यावे.

मुठीच्या ताकदीसाठी डायनॅमोमीटर वापरतो. त्यात उपकरणाची पकड हाताच्या मापाप्रमाणे लहान-मोठी करणे आवश्यक असते. स्त्रियांत हाताच्या आकारानुसार योग्य पकडीचे अंतर बदलते, हे ग्रॅनडातच झालेल्या एका जुन्या अभ्यासात दाखवलेले आहे. लहान हाताच्या स्त्रीला मोठ्या पकडीवर दाबायला लावले, तर ताकद असूनही आकडा कमी येतो. कोपर काटकोनात होते की हात सरळ खाली सोडलेला होता, हेही लिहून ठेवावे, कारण दोन्ही पद्धती चालतात परंतु त्यांची सरमिसळ चालत नाही.

जमिनीवरून उठण्याविषयी तुम्ही विचारलेत ते फार महत्त्वाचे आहे. रिकली-जोन्स संचातली खुर्ची साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची असते. तिच्यावरून उठणे आणि पाटावरून उठणे यांत गुडघे आणि खुबे किती वाकतात याचा मोठा फरक आहे, तेव्हा तुमची अडचण त्या चाचणीत दिसणार नाही. ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथील क्लॉडिओ जिल अराउजो यांनी जमिनीवर बसण्या-उठण्याची एक चाचणी रूढ केली आहे. त्यात बसण्याचे पाच आणि उठण्याचे पाच असे दहा गुण असतात. हात, गुडघा, मांडी यांपैकी कशाचाही आधार घेतला की दर वेळी एक गुण वजा होतो, आणि तोल गेला तर अर्धा गुण. उपकरण काहीच लागत नाही. आपल्याकडच्या स्त्रियांच्या दृष्टीने मला ही चाचणी खुर्चीपेक्षा अधिक उपयोगी वाटते. मात्र गुडघ्याची झीज असेल किंवा तोल जाण्याचा धोका असेल, तर जवळ कोणीतरी उभे असल्याशिवाय ती करू नये आणि घरी एकटीने तर मुळीच करू नये.

शून्यमान:

माझा विषय संख्याशास्त्र आहे. वैद्यकातील मला फारसे कळत नाही, पण मोजमापाविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट म्हणजे शिकण्याचा परिणाम. सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीत दुसऱ्या खेपेला अंतर बहुधा वाढते, कारण किती वेगाने चालल्यास सहा मिनिटे निभेल याचा अंदाज माणसाला आलेला असतो. या चाचणीविषयी अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छाती-फुफ्फुसांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २००२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत हा परिणाम स्पष्ट नोंदवलेला आहे. आता कल्पना करा की एखाद्या केंद्रात चाचणी एकदा झाली, मग तीन महिने व्यायाम झाला, मग पुन्हा चाचणी झाली आणि अंतर २५ मीटरने वाढले. ही वाढ व्यायामाची की नुसत्या सवयीची? सुरुवातीलाच सरावाची एक फेरी घेतली असती, तर हा प्रश्न उद्भवला नसता. अर्थात रानजाई यांनी जे लिहिले ते वाचल्यावर हेही जाणवते की सरावाची फेरी त्याच दिवशी घेणे या स्त्रियांच्या बाबतीत क्रूरपणाचे ठरेल. ती वेगळ्या दिवशी घ्यावी लागेल, आणि तेही पहिल्या दिवसाचे दुखणे ओसरल्यावर.

त्याच मार्गदर्शक तत्त्वांत मार्ग ३० मीटर लांबीचा असावा असे म्हटले आहे. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांत एवढा सलग व्हरांडा मिळत नाही, मग दहा मीटरवर वळावे लागते आणि वळण्यात वेळ जाऊन अंतर घटते. यात दवाखान्याचा दोष नाही, पण मार्गाची लांबी कागदावर लिहिलेली नसेल तर तो आकडा दुसऱ्या कोणत्याही आकड्याशी ताडून पाहता येत नाही. चालताना द्यायचे प्रोत्साहनही ठरावीक शब्दांत, ठरावीक वेळी द्यायचे असते. एकीला ‘शाब्बास, चला चला’ आणि दुसरीला नुसती शांतता, असे केले की दोघींच्या अंतरात फरक पडतो.

दुसरी गोष्ट तुलनेची. ‘कमी’ हा शेरा कोणाच्या तुलनेत? मुठीच्या ताकदीसाठी स्नायूक्षयावर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये स्त्रियांसाठी १८ किलोंची मर्यादा सुचवली आहे, पण ती वाढत्या वयातला स्नायूक्षय ओळखण्यासाठी आहे. पस्तिशीतल्या स्त्रीला दुखण्यामुळे पकड घट्ट करता येत नसेल, तर तिला ती लावणे गैर आहे. युरोप-अमेरिकेतील सरासरी आकडे लावणे त्याहून गैर, कारण अनेक देशांत झालेल्या मोठ्या पाहणीत दक्षिण आशियातील लोकांच्या मुठीची ताकद मुळातच कमी आढळलेली आहे. एखाद्या स्त्रीची तुलना तिच्या स्वतःच्या मागील आकड्याशी करणे, हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग आहे. आणि त्यासाठीसुद्धा एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नये. ज्या आजारात दुखणे रोज बदलते, त्यात सुरुवातीची पातळी ठरवण्यासाठी काही दिवसांच्या अंतराने घेतलेली निदान दोन मापे हवीत, नाहीतर दुखणे उतरणीला लागले होते म्हणून मिळालेली सुधारणा व्यायामाच्या खात्यावर जमा होते.

आडवाट:

मी जिल्ह्याच्या ठिकाणी सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो. चर्चा चांगली चालली आहे, परंतु चाचणीच्या आधी एक पायरी आहे आणि ती गाळली जात आहे असे वाटते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या दोन स्त्रियांपैकी एकीचे हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता आहे. रक्तक्षयाने चालण्याचे अंतर घटते, धाप लागते, पाय भरून येतात. थायरॉइडचे कार्य मंदावले असेल तर स्नायू दुखतात आणि थकवा येतो. ‘ड’ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असेल तर मांड्या आणि खुबे कमकुवत होऊन जमिनीवरून उठता येत नाही, आणि हीच तक्रार येथे फायब्रोमायल्जियाच्या खात्यावर मांडली जाण्याचा संभव आहे. या तपासण्या महाग नाहीत. त्या झाल्याशिवाय ‘क्षमता कमी, व्यायाम वाढवा’ असे लिहून देणे मला पटत नाही. रानजाई, आपल्या या तपासण्या झाल्याच असतील असे गृहीत धरतो; झाल्या नसल्यास जरूर करून घ्याव्यात.

औषधांचेही तसेच. या दुखण्यात देतात त्या औषधांपैकी प्रेगाबॅलिनने चक्कर येते आणि पायांवर सूज येऊ शकते, त्यामुळे तोलाच्या व वळसा घेण्याच्या चाचणीत वेळ वाढतो. अमिट्रिप्टिलीनने सकाळी सुस्ती राहते आणि नाडीचा वेगही वाढतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर नाडी चढतच नाही, आणि मग ‘२२० वजा वय’ या सूत्राने काढलेले नाडीचे लक्ष्य निरर्थक ठरते. तसेही ते सूत्र व्यक्तीगणिक बरेच चुकते. फायब्रोमायल्जिया असलेल्या काही स्त्रियांत तर औषध नसतानाही श्रमाच्या प्रमाणात नाडी वाढत नाही असे दिसून आले आहे. म्हणून नाडीच्या जोडीला श्रम किती वाटले हे विचारावे. स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांची ६ ते २० अंकांची मोजपट्टी यासाठी सोपी आहे आणि ती भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लावून ठेवता येते.

सहा मिनिटांच्या चाचणीपूर्वी नाडी व रक्तदाब पाहिलाच पाहिजे. विश्रांतीच्या अवस्थेत नाडी १२० च्या वर असेल, किंवा रक्तदाब वरचा १८० अथवा खालचा १०० च्या वर असेल, तर चाचणी त्या दिवशी घेऊ नये. आणि गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर मुळीच नाही.

यापुढचा मुद्दा मी सर्वांत गंभीर मानतो. सर्वांगात दुखणे आणि सतत थकवा असलेल्या प्रत्येक स्त्रीला फायब्रोमायल्जियाच असतो असे नाही. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, ज्याला दीर्घकालीन थकव्याचा विकार असेही म्हणतात, त्यात श्रमानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकृती कोसळते आणि सावरायला कित्येक दिवस, क्वचित आठवडेही लागतात. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या रुग्णांसाठी ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याचा व्यायाम देऊ नये असे सांगून आपली जुनी शिफारस मागे घेतली. कोविडनंतर दीर्घकाळ दुखणे राहिलेल्या काही रुग्णांतही असे कोसळणे दिसते. त्यामुळे चाचणीपूर्वी ‘जास्त काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय होते, आणि सावरायला किती दिवस लागतात’ हा प्रश्न विचारावा. उत्तर ‘अंग दुखते पण दोन दिवसांत ठीक होते’ असे आले तर गोष्ट वेगळी. ‘आठवडाभर उठवत नाही, उजेडही सहन होत नाही’ असे आले, तर चालण्याची चाचणी बाजूला ठेवून आधी तज्ज्ञाकडे पाठवावे.

मोगरा_सांगली:

माझ्या आईसाठी हा धागा वाचत आहे. वय ५८, दुखणे वीसेक वर्षांचे. तिला कोठल्याही केंद्रात नेणे अवघड आहे, गावात फिजिओथेरपिस्ट नाही आणि सहा मिनिटांचे चालणे, उपकरणे वगैरे आमच्या आवाक्याबाहेर आहे. शिवाय घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत असे की सगळे मनाचे खेळ आहेत, मोजण्यासारखे त्यात काही नाही. नुसते विचारून क्षमतेचा काही अंदाज येतो का? की विचारलेल्याला किंमतच नसते?

गोदाकाठ:

मोगरा, विचारलेल्याला किंमत असते, फक्त प्रश्न नेमका हवा. ‘इंटरनॅशनल फिटनेस स्केल’ नावाची एक लहानशी प्रश्नावली आहे. तिच्यात पाचच प्रश्न असतात: एकंदर तंदुरुस्ती, दम, स्नायूंची ताकद, चपळाई आणि लवचिकता. प्रत्येकाला ‘फार वाईट’ ते ‘फार चांगली’ अशी पाच उत्तरे असतात, आणि उत्तर देताना स्वतःची तुलना आपल्या वयाच्या लोकांशी करायची असते. ही प्रश्नावली मुळात किशोरवयीनांसाठी तयार झाली, पण अल-आंदालुस प्रकल्पातल्या अभ्यासकांनी ती फायब्रोमायल्जिया असलेल्या स्त्रियांत तपासली, तेव्हा ज्या स्त्रियांनी स्वतःला सक्षम म्हटले त्यांची प्रत्यक्ष चाचण्यांतली कामगिरीही सरासरीने सरस निघाली. म्हणजे या स्त्रिया आपल्या शरीराविषयी जे सांगतात ते हवेतले नसते. घरच्या वडीलधाऱ्यांना हे अवश्य ऐकवा. एका व्यक्तीच्या बाबतीत मात्र प्रश्नावली चाचणीची जागा घेऊ शकत नाही, हेही खरे.

धास्तीचा भागही विचारूनच कळतो. त्यासाठी ‘टँपा’ नावाची १७ विधानांची प्रश्नावली आहे. तिचे गुण १७ ते ६८ यांच्या दरम्यान येतात आणि जितके जास्त तितकी हालचालीची भीती अधिक. जिची भीती मोठी आहे आणि चाचणीतले आकडे कमी आहेत, तिच्या बाबतीत स्नायू दुबळे आहेत असा निष्कर्ष काढण्याची मी घाई करत नाही. तिला आधी काही आठवडे ओळखीच्या, सोप्या हालचाली करू देते आणि मग पुन्हा मोजते. कधी कधी एवढ्यानेच आकडा बराच वर जातो, आणि तेवढ्या अवधीत स्नायूंची ताकद इतकी वाढणे शक्य नसते.

तुमच्या आईसाठी घरी करता येईल असे सुचवायचे तर भिंतीला टेकवलेली, न हलणारी, हात नसलेली खुर्ची घ्यावी. तुम्ही शेजारी उभ्या राहा. तीस सेकंदांत ती हात न लावता किती वेळा पूर्ण उभी राहते ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या अमेरिकन स्त्रियांत १२ ते १७ ही साधारण मर्यादा मानतात, परंतु शून्यमान यांनी लिहिले आहे त्याप्रमाणे हा आकडा उंबरठा समजू नये. आईचा आकडा पाच आला तरी तो तिचा आरंभबिंदू आहे, आणि एकही जमले नाही तर तीही नोंदच आहे. दुखणे वाढले किंवा चक्कर आली तर तीस सेकंदांची वाट न पाहता थांबावे. आडवाट यांनी सांगितलेल्या रक्ताच्या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी होतील. त्या आधी करून घ्या.

शून्यमान:

मोगरा यांना आणखी एक सुचवतो. खुर्चीच्या आकड्याशेजारी त्या आठवड्यात आईने घरात काय काय केले तेही लिहावे. दळण आणले का, पाणी भरले का, पाहुणे होते का, रात्री झोप लागली का. पाहुण्यांच्या आठवड्यातला आकडा खाली आला, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही हे कागदच सांगेल.

रानजाई:

आडवाट, तपासण्यांविषयी विचारलेत म्हणून लिहिते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहिले होते, दोन्ही ठीक होते. ‘ड’ जीवनसत्त्व मात्र कोणी पाहिले नव्हते, ते आता करून घेते. पाटावरून उठण्याची माझी अडचण त्याचीच असेल तर ती इतकी वर्षे उगाच सोसली असे म्हणावे लागेल.

गोदाकाठताई, एक व्यावहारिक प्रश्न उरतो. माझ्या फिजिओथेरपिस्टकडे वेळ कमी असतो. पुढच्या भेटीत हे सगळे तिला समजावत बसण्याऐवजी तिच्या हाती एक कागद द्यावा असे वाटते. त्यावर काय असावे?

गोदाकाठ:

रानजाई, एका पानापेक्षा जास्त लिहू नका, लांब कागद कोणी वाचत नाही. वरच्या भागात सध्याची औषधे मात्रेसह लिहा, आणि सकाळचा आखडलेपणा साधारण किती वाजेपर्यंत राहतो ते. त्याखाली मागील चाचणीची तारीख, वेळ, आकडे आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत काय झाले ते दोन ओळींत. मग तुम्हाला स्वतःला जे साधायचे आहे ते: पाटावरून आधाराशिवाय उठणे, हे तुमच्या लिहिण्यावरून मला पहिले वाटते. तुमच्या फिजिओथेरपिस्टला एवढेच सांगा की यंदा खुर्चीच्या जोडीला जमिनीवरून उठण्याचे गुणही लिहावेत, चाचणी अकरानंतर ठेवावी आणि चालण्याची चाचणी वेगळ्या दिवशी घ्यावी. ‘ड’ जीवनसत्त्वाचा अहवाल येईपर्यंत थांबलात तर उत्तम, कारण कमतरता निघाली आणि उपचार सुरू झाले, तर आताचे मोजमाप आरंभबिंदू म्हणून उपयोगी पडेल की नाही, हे उपचारांना किती दिवस झाले त्यावर ठरेल. अहवाल आला की येथे कळवा. कमतरता असल्यास पुन्हा केव्हा मोजावे याविषयी आडवाट यांनाच विचारू.

आडवाट:

कमतरता निघाल्यास उपचार सुरू करण्यापूर्वी एकदा मोजून ठेवावे आणि पुन्हा साधारण तीन महिन्यांनी, रक्ताची तपासणी परत झाल्यावर मोजावे. मांड्यांची ताकद त्याआधी पूर्ण येण्याची अपेक्षा ठेवू नये. मात्रा स्वतःच्या मनाने ठरवू नका. औषधाच्या दुकानातून दर आठवड्याची पुडी आणून वर्षभर घेत राहणारे रुग्ण माझ्याकडे येतात आणि त्यांचे कॅल्शियम वाढलेले असते.